इंग्रजी वाचनाची संचिका : दुसरी-तिसरीच्या मुलांचे वाचन तिच्यातून खरोखर कळते का?

खडूफळा | १४ जुलै

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दुसरी-तिसरीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे आणि दोन्ही इयत्ता मिळून पट १९ आहे. प्रत्येक मुलाची एक संचिका, म्हणजे त्याच्या कामाच्या कागदांची फाइल (पोर्टफोलिओ), आम्ही ठेवतो. मागच्या वर्षी प्रगतिपत्रके भरण्याआधी मी त्या सगळ्या संचिका एका दुपारी सतरंजीवर मांडल्या. त्यांत रंगवलेली सफरचंदे होती, कापून चिकटवलेली चित्रे होती, फळांची आणि प्राण्यांची इंग्रजी नावे सुवाच्य अक्षरात लिहिलेले कागद होते. परंतु यांपैकी कोणते मूल इंग्रजी वाचू शकते आणि कोणते शकत नाही, हे सांगणारा एकही कागद त्यांत नव्हता.

यंदा जूनमध्ये घडलेली एक गोष्ट सांगते. तिसरीतल्या एका मुलीने इंग्रजीच्या पुस्तकातले एक पान मला घडाघडा वाचून दाखवले. शेजारी जाऊन पाहिले, तर प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक देवनागरी अक्षरे लिहिलेली होती. आठवीतल्या भावाने तिला ती लिहून दिली होती. तेच पान मी माझ्या कोऱ्या प्रतीतून तिच्यासमोर ठेवले, तेव्हा पहिले दोन शब्द वाचून ती तिसऱ्यावर थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मागच्या वर्षी या मुलीला तोंडी कामात मी पूर्ण गुण दिले होते, ही बाब तेव्हापासून माझ्या मनाला लागून राहिली आहे.

म्हणून इथल्या जाणत्या मंडळींना विचारते. इतक्या लहान मुलांच्या इंग्रजी वाचनाचे मूल्यमापन संचिकेवरून करता येते का? करायचे तर तिच्यात नेमके काय ठेवावे?

अनुस्वार | १४ जुलै

खडूफळा ताई, संचिकेत कोणता कागद जावा हे सध्या कोण ठरवते, तुम्ही की मूल? आणि ती संचिका शेवटी कोणाच्या हाती जाते?

खडूफळा | १४ जुलै

आजवर मीच ठरवत आले आहे, आणि खरे सांगायचे तर शाळाभेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना दाखवण्याजोगे काय आहे याचाच विचार निवडताना अधिक झाला. पालकांनी ती वर्षातून एकदा, तीही उभ्याउभ्या पाहिली असेल.

सेवानिवृत्त_केंद्रप्रमुख | १५ जुलै

ताई, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर बाळगूनच थोडे कडू बोलतो. आपल्या राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकवायला २००० साली सुरुवात झाली. शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण मूल्यमापन बंधनकारक केले आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ते आपल्या वर्गांत आले. पहिली-दुसरीला आकारिकचा, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाचा, भारांश ७० आणि संकलितचा, म्हणजे सत्राखेरीच्या मूल्यमापनाचा, ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. शिवाय दैनंदिन निरीक्षणापासून स्वाध्यायापर्यंत आठ साधनतंत्रे. त्यामागचा हेतू उत्तम होता, यात मला आजही शंका नाही.

पुढे काय झाले ते मी केंद्रातल्या शाळा फिरताना पाहिले. वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तके बाजारात आली. एका वर्गाच्या नोंदवहीत मी २४ मुलांपुढे 'इंग्रजी शब्दांचे स्पष्ट उच्चारात वाचन करतो' हे एकच वाक्य वाचले, आणि मुलींच्या नावांपुढेही 'करतो' असेच लिहिलेले होते. त्या शिक्षकाला मी दोष देऊ शकलो नाही, कारण त्याच्याकडे दोन इयत्ता, सहा विषय, शालेय पोषण आहाराचा हिशेब आणि तीन प्रकारच्या ऑनलाइन माहित्या होत्या.

म्हणून माझे मत असे आहे की महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला जवळ बसवून कोऱ्या पानावरचे पाच शब्द आणि दोन वाक्ये वाचून घ्यावीत आणि वहीत खूण करावी. संचिका हा आणखी एक कागदी भार होईल.

भाषावेल | १५ जुलै

मी अध्यापक विद्यालयात भाषा शिकवते. सरांनी सांगितलेला अनुभव अगदी खरा आहे, तरीही मी त्यांच्या निष्कर्षाशी सहमत नाही, कारण त्यांनी सुचवलेली महिन्याची नोंद तारखेसह एका जागी ठेवली की तीच संचिका होते.

अडचणीचे मूळ मला वेगळ्या ठिकाणी दिसते. लेखन आपोआप कागदावर उरते. वाचन उरत नाही. मूल वाचते, आवाज हवेत विरतो आणि संचिकेत ठेवायला काहीच शिल्लक राहत नाही. ती रिकामी जागा मग आपण लेखनाने, चित्रांनी आणि हस्तकलेने भरून काढतो. 'ॲपल' हा शब्द पाच वेळा सुंदर अक्षरात उतरवलेला कागद हा वाचनाचा पुरावा नाही. तो शब्द चित्रासारखा पाहूनही उतरवता येतो. वाचनाची संचिका करायची, तर आधी वाचनाचा माग कागदावर उमटवण्याची युक्ती हवी.

अशी युक्ती न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६० च्या दशकात पाच-सहा वर्षांच्या मुलांचे वाचन आठवड्यामागून आठवडे पाहताना बसवली. तिला रनिंग रेकॉर्ड म्हणतात. मूल वाचत असताना शिक्षक शेजारी बसतो आणि प्रत्येक बरोबर शब्दासाठी एक टिकमार्क करत जातो. मुलाने दुसराच शब्द वाचला, तर तो मूळ शब्दाच्या वर लिहायचा. शब्द गाळला तर आडवी रेघ, आणि शिक्षकाने सांगावा लागला तर तशी खूण. मुलाने चूक करून स्वतःच सुधारली तर ती चूक मोजायची नाही, पण तिची नोंद मात्र आवर्जून करायची.

हिशेब साधा आहे. उतारा ५० शब्दांचा असेल आणि ४ चुका झाल्या असतील, तर ४६ शब्द बरोबर, म्हणजे ९२ टक्के. क्ले यांच्या पद्धतीत ९५ टक्के आणि त्यावर असेल तर मजकूर त्या मुलाला सोपा, ९० ते ९४ असेल तर शिक्षकाच्या मदतीने शिकण्याजोगा आणि ९० च्या खाली असेल तर अवघड मानतात. परंतु टक्क्यांपेक्षा चुकांचा प्रकार अधिक बोलका असतो. 'हाऊस'ऐवजी 'होम' वाचणारे मूल अर्थाकडे पाहते आहे आणि पहिले अक्षरही ओळखते आहे, पण शब्दाच्या शेवटापर्यंत त्याची नजर जात नाही. 'सॉ'ऐवजी 'वॉज' वाचणारे मूल तीच तीन अक्षरे उलट दिशेने घेते आहे. संकलित चाचणीत दोघांचाही एकेक गुणच गेला असता. शिकवताना मात्र दोघांसाठी वेगळे काम करावे लागते.

खडूफळा | १६ जुलै

भाषावेल मॅडम, मनापासून आभार. काल लगेच दोन मुलांवर करून पाहिले आणि लगेच अडले. पाठ्यपुस्तक त्यांना पाठ असते, म्हणून मी फळ्यावरच्या शब्दांतून स्वतःच दोन वाक्ये तयार केली : 'द हेन इज इन द बास्केट. शी हॅज टू एग्ज.' शेजारी टोपलीत बसलेल्या कोंबडीचे चित्र काढले. दुसरीतल्या मुलाने शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचले, 'द कोंबडी इज इन द बास्केट.' पुढचे वाक्य अडखळत पण बरोबर वाचले. मी 'हेन'च्या वर 'कोंबडी' लिहिले आणि ही चूक मोजावी की मोजू नये, या विचारात पेन्सिल तशीच धरून बसले. तो मुलगा तर बरोबर वाचल्याच्या आनंदात होता.

सह्यकडा | १६ जुलै

चूकच आहे. इंग्रजी वाचनाचे मूल्यमापन असेल, तर इंग्रजी शब्द वाचता आला पाहिजे. चित्र पाहून मराठी शब्द सांगणे याला वाचन म्हणता येणार नाही.

रानवारा | १६ जुलै

सह्यकडा, मी सातपुड्यातल्या एका पाड्यावर शिकवतो आणि म्हणून या प्रश्नाकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहतो. माझ्या मुलांची घरची बोली पावरी आहे. मराठी त्यांना शाळेत भेटलेली दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. माझ्याकडे अशाच चित्रापुढे एका मुलीने आधी पावरी शब्द उच्चारला, मग थांबून मराठी शब्द सांगितला आणि शेवटी अक्षरांकडे पुन्हा पाहत 'हे… हेन' असे म्हणाली. तीन भाषांचा हा प्रवास साधारण दहा सेकंदांत झाला. माझ्या हाती फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' एवढीच खूण असती, तर त्या दहा सेकंदांतले काहीही उरले नसते. गणतीत ती चूक धरा, परंतु मुलाने काय उच्चारले ते शब्दशः लिहून ठेवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

भाषावेल | १७ जुलै

रानवारा सरांनी नेमके सांगितले. ताई, तुमच्या नोंदीत ती एक चूक धरावी आणि शेजारी लिहावे की चित्र आणि वाक्याचा अर्थ त्याला कळला आहे, परंतु पहिले अक्षर तपासण्याची सवय अजून लागलेली नाही. उद्या त्याच्यासाठी काय करायचे, ते या ओळीतच आले : चित्र झाकून 'हेन', 'पेन', 'टेन' हे तीन शब्द समोर ठेवायचे.

एक सावधगिरी सांगते. क्ले यांची पद्धत मुख्यतः ज्या मुलांच्या कानावर इंग्रजी घरातूनच पडलेली असते त्यांच्या वाचनावर घडली. आपल्या मुलांनी 'थ्री'मधला 'थ' मराठी वळणाने उच्चारला किंवा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' सारखेच उच्चारले, तर ती वाचनाची चूक धरू नये. मात्र 'वॉक'ला 'वाल्क' म्हटले तर तो ढबीचा प्रश्न नाही. देवनागरीत लिहिलेले बहुतांशी सगळे उच्चारले जाते आणि इंग्रजीत तसे नसते, हे मुलाला अजून उमगलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. तीही नोंद करावी.

चांदणवेल | १९ जुलै

मी शिक्षिका नाही, आई आहे. माझा मुलगा शहरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकतो. मार्चमध्ये त्याच्या पोर्टफोलिओची जाडजूड, प्लॅस्टिकच्या कव्हरांची फाइल आमच्या हाती देण्यात आली. तिच्यातली निम्मी पाने मीच रात्री जागून कापली आणि चिकटवली होती. 'रीडिंग' या भागात त्याने वाचलेल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रे होती आणि प्रत्येकाखाली हसरा चेहरा होता. ती फाइल पाहून माझे समाधान झाले. पुढे मे महिन्यात तो दुकानावरची पाटी वाचताना पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देतो, हे मला दिसले. वर्षभर तो हेच करत असणार. माझ्या हाती त्या फाइलऐवजी तुम्ही वर सांगितलेल्या खुणांचा एक कागद आला असता, तर मी दिवाळीतच त्याच्याजवळ बसले असते.

प्राजक्ता_७ | १९ जुलै

चांदणवेल, तुमची कळकळ पोचली, पण सगळेच पालक चुकांचा कागद असा शांतपणे घेत नाहीत. माझ्या वर्गातल्या एका वडिलांनी असा कागद पाहून मुलाला माझ्यासमोर मारले. त्या दिवसापासून मी चुका घरी पाठवत नाही.

दूरदेशी | २० जुलै

प्राजक्ता ताईंनी सांगितलेला प्रसंग फार क्लेशदायक आहे. मी लंडनमधल्या एका प्राथमिक शाळेत वर्गसाहाय्यक आहे. इथल्या एका जुन्या पद्धतीची माहिती कदाचित उपयोगी पडेल.

१९८० च्या दशकात लंडनच्या शाळांत अनेक देशांतून आलेली, घरी वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुले होती. त्यांच्यासाठी इथल्या शिक्षकांनी प्रायमरी लँग्वेज रेकॉर्ड नावाची नोंदपद्धती तयार केली, ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात मुलाच्या चुकांपासून होत नाही. ती पालकांशी केलेल्या गप्पांपासून होते. मूल घरी कोणत्या भाषा बोलते आणि वाचते, त्याला काय ऐकायला आवडते, हे शिक्षक पालकांना विचारून लिहून घेतो. मग मुलाशीही तशाच गप्पा होतात. त्यानंतर वर्षभरातले वाचनाचे नमुने नोंदले जातात. पालक पहिल्याच दिवशी या कामात माहिती देणारा म्हणून येतो, त्यामुळे पुढे येणारा कागद त्याला निकालपत्रासारखा वाटत नाही. वडिलांना असे आधी बोलावून विचारता आले असते, तर कदाचित वेगळे घडले असते, असे मला वाटते.

खडूफळा ताईंची पेन्सिलीची गोष्ट वाचून मात्र मी थबकले. रविवारी मी इथे मराठी मुलांना मराठी शिकवते. तिथे नेमके उलट होते. मुले 'आजी', 'पाऊस', 'घर' या शब्दांच्या डोक्यावर बारीक रोमन अक्षरे लिहून आणतात आणि ती वाचून दाखवतात. हे मी त्यांना करू देते, पण वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे पान मोबाइलमध्ये टिपून ठेवते. आधी सगळ्या शब्दांवर रोमन अक्षरे असतात आणि पुढे ती विरळ होत जातात. मुलांना ही दोन पाने शेजारी ठेवून दाखवली की ती स्वतःच मोजू लागतात.

सह्यकडा | २० जुलै

दूरदेशी, या एका मुद्द्यावर माझे मत बदलले. मी आजवर वर्गात देवनागरी लिहिलेले दिसले की खोडायला लावत होतो.

मोजपट्टी | २३ जुलै

माझे काम शैक्षणिक चाचण्यांच्या आकडेवारीचे आहे. चर्चा उत्तम चालली आहे, पण एक धोका वेळीच सांगणे मला आवश्यक वाटते.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीच्या मुलांचे लेखन आणि गणित पोर्टफोलिओवरून राज्यभर मोजायचे ठरवले. संशोधक डॅनियल कोरेट्झ आणि रँड या संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गुणांचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की एकाच मुलाच्या पोर्टफोलिओला दोन परीक्षक पुरेशा सारखेपणाने गुण देत नव्हते. पहिल्या वर्षी तर ही विश्वसनीयता इतकी कमी होती की त्यावरून शाळांची तुलना करणे योग्य ठरले नसते. कारणे समजण्यासारखी आहेत. प्रत्येक वर्गात वेगळे काम दिलेले होते, मदत कोणी किती केली ते कळत नव्हते आणि गुणांचे निकष निरनिराळ्या प्रकारच्या कामाला लावावे लागत होते. चांदणवेल यांनी रात्री जागून केलेली पाने हा त्यातलाच एक प्रकार आहे. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी या पद्धतीमुळे शिकवण्यात चांगले बदल झाल्याचेही सांगितले होते.

म्हणून संचिकेवरून मुलांचा क्रम लावू नये, शाळांची तुलना करू नये आणि तिचे गुणांत रूपांतर करण्याचा आग्रह धरू नये. तुलनेसाठी राज्यस्तरीय पायाभूत आणि संकलित चाचण्या आहेतच. संचिकेचा उपयोग त्या एका मुलासाठी, त्याच्या शिक्षकासाठी आणि घरासाठी आहे.

सेवानिवृत्त_केंद्रप्रमुख | २३ जुलै

मोजपट्टी यांनी माझ्या मनातली भीती शब्दांत मांडली. शाळाभेटीत संचिकांची जाडी पाहून शेरा लिहिणारे अधिकारी मी पाहिले आहेत आणि सुरुवातीच्या काळात मीही त्यांतलाच होतो. गुण आणि तपासणी यांपासून ती दूर ठेवली, तर भाषावेल मॅडमचे म्हणणे मान्य करायला मी तयार आहे. पण वेळेचे काय? हा प्रश्न मी पुन्हा विचारतो.

रानवारा | २४ जुलै

सर, माझा हिशेब सांगतो. माझ्याकडे २२ मुले आहेत. परिपाठ संपल्यावर वर्ग फलकलेखन करत असतो, तेव्हा मी रोज एका मुलाला घेऊन बसतो आणि त्याला पाच ते सात मिनिटे लागतात. साधारण पाच आठवड्यांत एक फेरी पूर्ण होते, म्हणजे सुट्ट्या आणि प्रशिक्षणे वगळता वर्षाला प्रत्येकाच्या पाच-सहा नोंदी होतात. सुरुवातीला मी २२ मुलांचे वाचन एकाच आठवड्यात उरकायला गेलो आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून अंदाजाने खुणा करू लागलो. म्हणून रोज एकच मूल.

दुसरी गोष्ट आवाजाची. मी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे वाचन ध्वनिमुद्रित करतो आणि फाइलला मुलाचा हजेरी क्रमांक व तारीख देतो. दर सत्राच्या शेवटी मूल स्वतःचे दोन आवाज ऐकते. जून महिन्यातला स्वतःचा आवाज ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते मला इतर कोणत्याही कागदात सापडले नाही. ही ध्वनिमुद्रणे मी कोणत्याही गटावर टाकत नाही आणि पालकांना विचारल्याशिवाय कोणालाही ऐकवत नाही. मूल अडखळते ते आपल्यावर विश्वास टाकून.

अनुस्वार | २४ जुलै

माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे : मूल काय निवडते? युरोपात २००१ पासून वापरात असलेल्या युरोपियन लँग्वेज पोर्टफोलिओमध्ये 'मला हे येते' अशा वाक्यांवर मूल स्वतः खूण करते. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलाच्या स्वतःच्या आणि सहाध्यायींच्या मूल्यमापनाला प्रगतिपत्रकात जागा दिली आहे. पण सात वर्षांच्या मुलाला 'मला इंग्रजी वाचता येते का' असे विचारले, तर ते बाईंना आवडेल तेच उत्तर देते. त्याला काय विचारावे?

भाषावेल | २५ जुलै

मराठीत विचारावे आणि समोर पान ठेवून विचारावे. 'या पानावरचे कोणते तीन शब्द तू आईला वाचून दाखवशील?' किंवा 'कुठे अडलास? मग काय केलेस?' एका मुलाने मला सांगितले होते, 'मी शब्द झाकतो आणि थोडा थोडा उघडतो.' त्याचे हे उत्तर मी त्याच्याच शब्दांत लिहून संचिकेत ठेवले.

अर्थ समजला का, हेही मराठीतच विचारावे. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेला साधा विचार इथे उपयोगी पडतो : वाचन म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार, त्यामुळे एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य. स्वच्छ उच्चारात वाचून अर्थ न कळणारी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. इंग्रजीत प्रश्न विचारला आणि मूल गप्प राहिले, तर त्याला मजकूर कळला नाही, प्रश्न कळला नाही की उत्तर इंग्रजीत सांगता आले नाही, हे आपल्याला समजत नाही. मराठीत विचारले की पहिली शक्यता वेगळी काढता येते. कागदावर शेवटी एक ओळ पुरे : उद्या या मुलासाठी मी काय करणार. ज्या नोंदीखाली ही ओळ लिहिता येत नाही, ती नोंद मी संचिकेत ठेवत नाही.

प्राजक्ता_७ | २५ जुलै

शेवटची ओळ उतरवून घेतली. आणि त्या वडिलांना या शनिवारी शाळेत चहाला बोलावले आहे.

खडूफळा | २३ मार्च

आठ महिन्यांनी धागा वर आणते आहे, कारण विचारले तेव्हा तुम्ही सर्वांनी इतके दिले आणि त्याचे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

रानवारा सरांच्या पद्धतीने रोज एक मूल घेतले. निवडणुकीच्या कामात आणि नंतर माझ्या आजारपणात खंड पडला, त्यामुळे बहुतेकांच्या चारच नोंदी झाल्या. जुनी रंगवलेली पाने मुलांना घरी देऊन टाकली. आता प्रत्येक संचिकेत चार वाचननोंदी, मुलाने निवडलेली दोन पाने आणि पालकांशी झालेल्या बोलण्याचा एक कागद, एवढेच आहे. वर्णनात्मक नोंदी लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदाच १९ मुलांची १९ वेगळी वाक्ये सुचली.

सगळेच चांगले झाले असे नाही. दुसरीतली तीन मुले अजून 'बी' आणि 'डी' यांत गोंधळतात आणि चारही नोंदींत तीच चूक आहे. याचा अर्थ मी नोंद केली पण माझी शिकवण्याची पद्धत बदलली नाही, असा होतो. 'उद्या काय करणार' या ओळीत मी चार वेळा 'सराव घेणे' एवढेच लिहिले होते.

ज्या मुलीपासून सुरुवात केली तिच्याविषयी सांगते. तिची पहिली नोंद मी अशी केली होती : 'देवनागरी सहज आणि वेगाने वाचते, इंग्रजी अक्षरे ओळखते, शब्द उलगडत नाही.' मी तिला न वाचणारी समजत होते, पण भावाने लिहिलेली बारीक अक्षरे घडाघडा वाचणारी ती उत्तम मराठी वाचक होती, हे तोवर माझ्या लक्षातच आले नव्हते. दूरदेशी ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी पेन्सिल बंद केली नाही. फक्त आता तिने स्वतः लिहावे, भावाने नाही, असे ठरवले. जुलैमध्ये ४२ शब्दांच्या पानावर सगळ्या शब्दांवर देवनागरी होती. नोव्हेंबरमध्ये तितक्याच मजकुरावर १७ शब्दांवर राहिली आणि त्यांत 'नाइट', 'वॉक', 'नी' असे मूक अक्षरांचे शब्द जास्त होते. मार्चमध्ये ५ शब्दांवर.

संचिकेसाठी पाने निवडायला सांगितले तेव्हा तिने मार्चचे पान घेतले आणि जुलैच्या पानासाठी खोडरबर मागितला. मी दिला नाही. दोन्ही पाने शेजारी ठेवून तिला मोजायला सांगितले. तिने मोजले, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, 'मग हे पण ठेवा, पण खाली दादाचं नाव लिहा.'

आता एक व्यावहारिक प्रश्न उरला आहे. माझ्या तिसरीतल्या दोन मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि पुढच्या वर्षी ती मुले सोबत जाण्याची शक्यता आहे. त्यांच्या संचिकेचे काय करावे?

माळरान | २४ मार्च

खडूफळा ताई, आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर माझा निम्मा वर्ग कारखान्यांवर जातो, म्हणून अनुभवाने सांगतो. मूळ संचिका शाळेतच ठेवा, कारण पाचटाच्या कोपीत, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, कागद टिकत नाही. शेवटच्या वाचननोंदीची एक झेरॉक्स करा आणि तिच्या मागच्या बाजूला तीन ओळी लिहा : मूल कोणत्या प्रकारचे शब्द वाचते, कुठे अडते आणि आपण सध्या काय करत होतो. ती स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेतून मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्या, मुलाच्या दप्तरात ठेवू नका. कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकांचा मला दोनदा फोन आला, तो त्या तीन ओळींमुळेच. खाली आपला मोबाइल नंबर लिहायला मात्र विसरू नका.